रायफलची नळी बदलण्याआधी काडतुसं तपासा

स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला नेमबाजीच्या ज्या 50 मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्यात दहाचं वर्तुळ अवघं 10.4 मिलिमीटरचं असतं. त्यामुळे ग्रुपिंग, म्हणजे गोळ्यांची भोकं एकमेकांजवळ पडणं, जरा फुटलं की ‘नळी गेली’ असं इंदूरमधल्या नेमबाज मुलांचे पालक लगेच धरून चालतात. पण या प्रकारातल्या .22 (इंचाच्या मापाच्या) रायफलची गोळी शिशाची, वर मेणासारखं वंगण. मऊ शिसं पोलादाला फारसं झिजवत नाही. नीट सांभाळलेली नळी हजारो फैरी टिकते. संशय आधी काडतुसांवर घ्या.

डब्यावरचा लॉट क्रमांक, म्हणजे काडतुसं कुठल्या खेपेत बनली तो आकडा, वहीत लिहा. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. रायफल टेकूवर पक्की बसवून, वारा शांत असताना, प्रत्येक लॉटचे दहा-दहा फैरींचे निदान तीन-चार ग्रुप मारा. लॉट बदलल्यावर सुरुवातीच्या काही फैरी मोजू नका. नव्या वंगणाचा थर बसायला त्या लागतात. एकाच सुंदर ग्रुपवर भाळू नका, सगळ्यात वाईट ग्रुप कुठल्या लॉटचा तेही बघा. मॅचसाठी जास्त वेगाच्या मोहात पडून हाय-व्हेलॉसिटी काडतूस घेऊ नये. ते ध्वनीच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला साधारण 340 मीटरपेक्षा, जोरात सुटतं आणि वाटेत त्याखाली येताना गोळी डळमळू शकते. मे महिन्यात काडतुसं बंद गाडीत ठेवू नका. तापलेल्या दारूने वेग बदलतो.

आता सफाई. माझ्या मते नळीचं खरं नुकसान इथे होतं. इंदूर-महूकडे ओळखीत कुणीतरी फौजी असतोच, आणि नळी आरशासारखी घासायची सवय मुलं तिथून उचलतात. फौजी रायफलच्या गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण असतं, दारू जास्त, उष्णताही जास्त. तिची गरज वेगळी. .22 ला तेवढी रगडपट्टी नको.

रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) काढा, मागून बोअर गाइड (गज सरळ ठेवणारी नळकांडी) बसवा. सफाईचा गज मागूनच घाला, कधीही तोंडाकडून नाही. तोंडाची कड म्हणजे क्राऊन. गोळी नळी सोडते ती तिथे, आणि गजाने ती एका बाजूला घासली की मागचा वायू गोळीला तिरका धक्का देतो. सॉल्व्हंटची (मळ विरघळवणाऱ्या द्रावणाची) चिंदी एकदा आरपार ढकला, तोंडाशी काढून टाका. पहिली काळीकुट्ट येईल, पुढच्या राखाडी. पूर्ण पांढरी येईपर्यंत रगडत बसू नका.

चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीच्या, लगेच पुढे मात्र लक्ष द्या. तिथे जळलेल्या दारूचा आणि प्रायमरमधल्या (दारू पेटवणाऱ्या मसाल्यातल्या) काचेच्या भुकटीचा कड्यासारखा कडक थर जमतो. सॉल्व्हंट थोडा वेळ मुरू द्या, मग कांस्य ब्रश मोजकाच फिरवा. अचानक ग्रुप उघडला असेल तर बरेचदा दोषी हाच.

पावसाळ्यात एसी खोलीतून दमट हवेत आणलेल्या नळीवर दव धरतं. ती पुसून, आतून तेलाचा पातळ हात देऊन ठेवा. फोमच्या बंद पेटीत आठवडाभर सोडू नका, फोम ओल धरून ठेवतो. रेंजवर आधी कोरडी चिंदी फिरवून तेल काढा आणि स्कोअर धरण्यापूर्वी काही फैरी मारा.

एवढं करूनही सगळ्या लॉटचे ग्रुप सैल आले, तर स्क्रू आणि नेम धरायची साइट घट्ट आहेत का पाहा, आणि मग परवानाधारक आर्मररकडे (शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडे) नळी आतून तपासायला द्या.