पदसिद्ध सचिवाचं नाव नको, पद लिहा

मुख्याध्यापकांची बदली झाली की शाळा व्यवस्थापन समितीचे शिक्के, फलक, पत्रं सगळं नव्यानं करायचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांत हा खर्च फुकट जातो. मुख्याध्यापक हे समितीचे पदसिद्ध सचिव. माणूस बदलला तरी पद तेच राहतं, सचिवाची वेगळी निवड लागत नाही. तेव्हा:

१. शिक्क्यावर आणि फलकावर फक्त ‘मुख्याध्यापक व पदसिद्ध सचिव’ एवढंच घाला.
२. निवेदनंही पदनामानंच लिहा: ‘मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर’. अधिकारी बदलले तरी पत्र अडत नाही.
३. पालक सदस्य निवडून येतात, त्यांची मात्र नावंच लिहा.

बँकेचं तेवढं सांभाळा. तिथं सही माणसाची चालते; नवे मुख्याध्यापक रुजू होताच ठराव आणि नमुना सही देऊन टाका.