सर जे. जे. नक्की कोणते? मुंबईच्या बॅरोनेट घराण्यांवर लिहिताना या चुका टाळा

सगळ्यात कॉमन घोळ म्हणजे बॅरोनेटला लॉर्ड करून टाकणं. बॅरोनेट हा किताब बापाकडून मुलाकडे जातो हे खरं, पण तो सरदारकीत मोडत नाही आणि त्यावर हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये खुर्चीही मिळत नाही. 1611 मध्ये पहिल्या जेम्स राजाने तो सुरू केला तोच मुळी पैशासाठी, आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातल्या 30 शिपायांचा तीन वर्षांचा पगार म्हणजे 1,095 पौंड भरा आणि नावापुढे सर लावा, असा सरळ व्यवहार होता. आणि हो, सर नेहमी पहिल्या नावाला लागतं, म्हणून मुंबईचे पारशी व्यापारी आणि दानशूर जमशेटजी जीजीभाई (म्हणजेच सर जे. जे.) हे सर जमशेटजी, नुसतं सर जीजीभाई नाही.

दुसरी चूक तारखांची. जमशेटजी जीजीभाई 1842 ला नाइट झाले (हा किताब फक्त हयातीपुरता, मुलाकडे जात नाही) आणि बॅरोनेट झाले थेट 1857 मध्ये, त्यामुळे "बॅरोनेट जमशेटजींनी 1845 ला हॉस्पिटल उघडलं" हे वाक्य चुकतं, तेव्हा ते फक्त नाइट होते. माहीम कॉजवेसाठी पैसे देणाऱ्या त्यांच्या पत्नी अवाबाई लेडी जमशेटजी झाल्या त्या पण नाइटहूडमुळेच.

पण खरी डोकेदुखी नावांची आहे बघा. 1859 ला जमशेटजी वारले आणि 1860 मध्ये खास कायदा झाला, किताबाचा डामडौल सांभाळता यावा म्हणून वर्षाला एक लाख रुपये उत्पन्न देणारे सरकारी कर्जरोखे आणि माझगाव कॅसल हा वाडा किताबाशी जोडून ठेवला, आणि वर अट अशी की जो वारस होईल त्याने नावच जमशेटजी जीजीभाई घ्यायचं! म्हणजे मुलगा कर्सेटजी गादीवर आला की तोही सर जमशेटजी, मग माणेकजी, कावसजी, रुस्तमजी, सगळे सर जमशेटजीच. जुन्या पेपरात नुसतं "सर जमशेटजी" दिसलं की आधी वर्ष बघा, 1859 नंतरचं असेल तर ते पहिले नाहीतच.

पेटिट या दुसऱ्या पारशी बॅरोनेट घराण्याचंही तेच. 1890 ला बॅरोनेट झालेले दिनशॉ माणेकजी वेगळे, आणि जिनांशी लग्न केलेल्या रत्तीचे वडील सर दिनशॉ वेगळे, ते दुसरे बॅरोनेट, मूळ नाव जीजीभाई फ्रामजी. लोक सर्रास आजोबा-नातवाला एकच करून टाकतात. जहांगीर आर्ट गॅलरीचं तर विचारूच नका. ती 1952 ची, दुसरे बॅरोनेट सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभी राहिलेली, पण क्रेडिट जातं 1878 लाच वारलेल्या कावसजी जहांगीर रेडीमनींना, जे नाइट होते, बॅरोनेट नव्हतेच, तो किताब घराण्यात 1908 मध्ये आला.

अडकलात तर एकच करा, नावापुढे पहिले, दुसरे, तिसरे असा क्रमांक आणि कंसात जन्म-मृत्यूची वर्षं टाका. आजच्या वारसाबद्दल लिहायचं असेल तर ब्रिटनमधलं अधिकृत बॅरोनेट रोल, म्हणजे बॅरोनेटांची सरकारी यादी बघा, वारसाने पुरावे देऊन तिथे नाव लावून घेतलं नसेल तर सरकारी कागदात त्याला बॅरोनेट म्हणत नाहीत, घरचे काहीही म्हणोत.