मेसेजमधून फोटो उघडत नाही? एसटीतला डबा आठवा

परवा मोठेबाबा वावरातून फोन करून माझ्यावरच तापले. "पऱ्हाटीचं बोंड फोडून फोटू काढला, तुले पाठोला, अन् तू अजून पाह्यलाच नाई काहून?" इकडे माझ्या मोबाइलवर 'डाउनलोड करा' लिहिलेला एक चौकोन येऊन बसलेला, दाबला की गोल गोल फिरायचा अन् पुन्हा जिथल्या तिथं. त्यांचं व्हॉट्सॲप नातवानं खेळता खेळता उडवलं होतं म्हणून त्यांनी साध्या मेसेजच्या ॲपातूनच फोटो टाकला, म्हणजे तो झाला एमएमएस. अन् हे एमएमएस प्रकरण आपल्याकडे धड कोणालेच माहीत नसते, म्हणून लिहून टाकतो.

तालुक्याले शिकायले होतो तेव्हा आई डबा एसटीत ठेवून द्यायची. डबा काही खोलीवर यायचा नाही, यायचा फक्त निरोप, की गाडी निघाली, स्टँडवर जा. उठून जाणं आपलं काम. एमएमएसचं अगदी असंच आहे. पाठवणाऱ्याचा फोन डेटावरून फोटो कंपनीच्या सेंटरवर चढवतो, त्या सेंटरले एमएमएससी म्हणतात. समोरच्याचं सिम दुसऱ्या कंपनीचं असलं तर हे सेंटर त्या कंपनीच्या सेंटरकडे फोटो सोपवते. मग तिथून तुमच्या फोनले एक छुपा एसएमएस येतो, तो तुम्हाले दिसत नाही, फोनच वाचतो. त्यात फोटो कुठं ठेवला, केवढा आहे, कधीपर्यंत राहील एवढं असते. तो वाचून फोन डेटा उघडतो अन् फोटो ओढून आणतो.

म्हणजे निरोप येतो एसएमएसच्या वाटेनं, फोटो येतो डेटाच्या वाटेनं. डेटा बंद असला तरी निरोप पोचतोच, म्हणून तो चौकोन दिसतो अन् फोटो मात्र नाही.

तर अडकला की पहिले मोबाइल डेटा चालू आहे का पाहा. वायफाय नाही बरं, मोबाइल डेटा. घरी वायफाय जोरात चालू असते अन् माणूस म्हणते नेट तर आहे, पण हे सेंटर बहुतेक वेळा कंपनीच्या स्वतःच्या नेटवरूनच उघडते.

दुसरं, अन् गावात सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो, दोन सिम. बोलायचं जुनं सिम वेगळं, नेटचा पॅक दुसऱ्या सिमवर. एमएमएस ज्या सिमच्या नंबरवर आला त्याच सिमच्या नेटवरून तो उतरते. काही फोन तेवढ्यापुरता आपोआप सिम बदलतात, काही नाही बदलत. सेटिंगमध्ये जाऊन डेटा त्या सिमवर करा, चौकोन दाबा, फोटो आला की परत आपल्या पॅकवाल्या सिमवर या. त्या सिमवर पॅक किंवा बॅलन्स पाहिजे हे वेगळं सांगायले नको. एमएमएसचे पैसे वेगळे कापतात का तेही आधीच विचारून घ्या, पॅकमधले रोजचे एसएमएस त्याच्यासाठी असतीलच असं नाही.

तरी नाहीच आला तर सिम सेटिंगमधलं एपीएन, म्हणजे फोन कंपनीच्या नेटले जोडायची सेटिंग, पाहा. तिथं एपीएनच्या प्रकारात 'एमएमएस' लिहिलेलं पाहिजे अन् एमएमएससीचा पत्ता कंपनीनं दिला तसाच पाहिजे. कोणी कशातलं तरी पाहून काहीबाही भरून ठेवलं असलं तर 'डीफॉल्टवर रीसेट' दाबून मोकळे व्हा. मेसेज ॲपाच्या सेटिंगमध्ये एमएमएस आपोआप डाउनलोड करायचं बटण असते, तेही चालू करून ठेवा. अन् वावरात टूजीची रेंज असली तर फोनवर बोलता बोलता डेटा थांबून राहते, त्यामुळं आधी फोन ठेवा. मोठेबाबा "आला का, आला का" विचारत लाइनवर राहिले असते तर तो जन्मात आला नसता.

आलेला एमएमएस न उतरवता लय दिवस ठेवू नका. सेंटर फोटो काही दिवसच ठेवते, मुदत गेली की फेकून देते. मग कितीही दाबा.

आता पाठवायचं. कॅमेऱ्याचा फोटो ३-४ एमबीचा असते अन् बऱ्याच ठिकाणी एमएमएसची हद्द ३०० केबीच्या आसपास, म्हणून ॲप फोटो दाबून बारीक करते अन् तो धुरकट दिसते. अख्खी पऱ्हाटी पाठवू नका, बोंडाएवढाच भाग कापून पाठवा.

एक गंमत अजून. नुसता मजकूर लिहिला तरी कधी कधी एमएमएस होते. एका एसएमएसमध्ये जागा १४० बाइटची, त्यात इंग्रजीची १६० अक्षरं बसतात पण मराठीची ७०च. त्यातही काना-मात्रा-अनुस्वार सगळे वेगळे मोजतात, 'बोंडअळी' आपल्याले चार अक्षरं वाटते, फोन सात मोजते. मेसेज मोठा झाला की त्याचे तुकडे पडतात, तुकडे फार झाले की काही फोन त्याचा सरळ एमएमएस करून टाकतात. विषयाची ओळ टाकली तरी तेच. पाठवायच्या बटणाखाली 'एमएमएस' दिसलं की मजकूर कापा, नाहीतर त्याचे दोन भाग करून वेगवेगळे पाठवा.

साध्या बटनवाल्या फोनवर एमएमएस चालत नसला तर फोटोऐवजी लिंकचा एसएमएस येऊ शकते. पण तशा लिंका चोरटेही पाठवतात, तवा फोटो पाठवला का म्हणून आधी फोन करून विचारा, मगच उघडा.

आमचं घोडं अडलं होतं दुसऱ्या सिमवर. डेटा बदलला अन् फोटो उतरला, तर त्यात अर्धं बोंड अन् अख्खा अंगठा. म्हटलं मोठेबाबा, अंगठा काढून पुन्हा पाठवा. दुसऱ्या फोटोत बोंडाच्या आत गुलाबी अळी बसलेली, चांगली स्पष्ट.