निटेड कपड्यांचा एचएस कोड: इनव्हॉइस बाजूला ठेवा, आधी कपडा बघा

एचएस कोड म्हणजे आयात-निर्यातीच्या मालाला कस्टमसाठी लावायचा वर्गीकरणाचा आकडा. सप्लायरने "टी-शर्ट" लिहिलंय म्हणून ६१०९ (टी-शर्टचा कोड) टाकून मोकळं होऊ नका. कस्टमवाले नाव नाही, कपडा कसा बनलाय ते बघतात, त्यामुळे सॅम्पल समोर असल्याशिवाय कोड ठरवायला बसूच नये.

आधी निट (फाशांनी विणलेलं) का वूव्हन (उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेलं) ते बघा. निट असेल तर चॅप्टर (कोडचे पहिले दोन आकडे) ६१, वूव्हन असेल तर ६२. बरेच जण नुसतं ताणून बघतात, पण स्ट्रेच जीन्सपण ताणली जाते आणि ती असते वूव्हन. भिंग घ्या, एकात एक अडकलेले फासे दिसले की निट. ब्रा मात्र निट असली तरी ६२१२ मध्येच जाते. आणि ८६ सेंटीमीटर उंचीपर्यंतच्या बाळांचे कपडे असतील तर कपड्याचा प्रकार बघायची गरज नाही, सरळ ६१११.

आता खरी गोची कुठे होते तर वरच्या अंगाच्या कपड्यांत. गोल गळा, कॉलर नाही, बटणं नाहीत, हलकं कापड, खाली साधी दुमडलेली शिवण, हा झाला ६१०९ चा टी-शर्ट. त्याच्याच खालच्या कडेला घट्ट रिब (ताणली जाणारी विणीची पट्टी) किंवा नाडी आली की तो ६१०९ मधून बाहेर, आणि स्वेटशर्ट-हूडीसारखा असेल तर सहसा ६११०. कॉलर आणि अर्धी बटणपट्टीवाला पोलो, ज्याला सगळी दुनिया टी-शर्टच म्हणते, तो पुरुषांचा असेल तर ६१०५, बायकांचा असेल तर ६१०६, पण तिथेही अटी आहेत: कमरेखाली खिसा नको, खाली आवळायची सोय नको, आणि किमान १० बाय १० सेंटीमीटरच्या तुकड्यावर टाके मोजले तर दोन्ही दिशांना सरासरी सेंटीमीटरला १० पेक्षा कमी नकोत. हे मोजायचा सगळ्यांना कंटाळा येतो, पण जाड विणीचा कॉलरवाला माल असेल तर मोजाच, वाद तिथेच होतो.

पुरुष का बायका ते समोरून उघडणाऱ्या कपड्यात डावी बाजू उजवीवर येते का ते बघून ठरतं, डावी वर असेल तर पुरुषांचा, उजवी वर असेल तर बायकांचा, कटवरूनच स्पष्ट कळत असेल तर गोष्ट वेगळी. काहीच ठरत नसेल तर बायकांच्या हेडिंगमध्ये (कोडचे पहिले चार आकडे) टाकायचं. ६१०९ आणि ६११० ला सहा आकड्यांपर्यंत हा प्रश्नच येत नाही.

मग फायबर, म्हणजे धागा कशाचा ते. वजनाने जे जास्त ते धरायचं, पण पॉलिएस्टर आणि व्हिस्कोस दोन्ही मॅन-मेड (माणसाने कारखान्यात बनवलेले धागे), म्हणून त्यांची बेरीज आधी करा. ४० टक्के कॉटन, ३५ पॉलिएस्टर, २५ व्हिस्कोस असलेला टी-शर्ट लेबलवर कॉटनचा वाटतो पण तो मॅन-मेड, म्हणजे ६१०९.१० नाही, ६१०९.९०. कॉटन-पॉलिएस्टर बरोबर निम्मं-निम्मं असेल तर कोडच्या नंबरांच्या क्रमात जे शेवटी येतं ते, म्हणजे परत मॅन-मेडच.

टी-शर्ट आणि शॉर्ट्स एका पाकिटात आले तरी मोठ्यांच्या कपड्यांत दोघांचे कोड वेगळे लावायचे. सहा आकड्यांच्या पुढचे आकडे प्रत्येक देशाचे आपापले, ते तिथल्या टॅरिफमध्येच (कोड आणि शुल्काच्या यादीत) बघा. आणि माल मोठा असून शंका राहत असेल तर शिपमेंट निघायच्या आधीच अॅडव्हान्स रूलिंग (कोड कोणता याचा कस्टमकडून आधीच घेतलेला निर्णय) मागा.