बॅरी सँडर्सचं मोजमाप करताना या चुका टाळा

अमेरिकन फुटबॉलमधल्या बॅरी सँडर्सच्या धावांचे व्हिडिओ पाच मिनिटं पाहिले की असा रनिंग बॅक (चेंडू हातात घेऊन पळणारा खेळाडू) दुसरा झालाच नाही, असं वाटायला लागतं. मग कुणीतरी त्याच काळातल्या डॅलस संघाच्या एमिट स्मिथने जिंकलेल्या तीन सुपर बोलचा, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यांचा, विषय काढतो आणि जुंपते. नोकरीनिमित्त डेट्रॉइटकडे स्थायिक झालेला एखादा मित्र असेल, तर त्याच्यापुढे सहज स्मिथची तारीफ करून बघा. या वादात दोन्हीकडची मंडळी बेरीज तोंडपाठ म्हणून दाखवतात. ती बेरीज जमली कशी, हे फारसं कुणी बघत नाही.

आधी आकडे. सँडर्स 1989 ते 1998 अशी दहा वर्षं डेट्रॉइट लायन्सकडून खेळला. 153 सामने, 3,062 कॅरी (चेंडू घेऊन पळण्याच्या खेपा), 15,269 यार्ड. प्रत्येक वर्षी हजाराच्या वर यार्ड आणि दहाही वर्षं प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड. कॅरीमागे सरासरी 5 यार्ड. पहिली चूक होते ती या सरासरीपाशीच.

सरासरी 5, म्हणजे दर वेळी 5 नव्हे

या खेळात 10 यार्ड पुढे सरकायला चार डाव मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. आता दोन काल्पनिक खेळाडू घ्या. एकाच्या पाच धावा 4, 5, 6, 5, 5. दुसऱ्याच्या 2, उणे 3, 1, 0 आणि 25. दोघांची बेरीज 25, सरासरी 5. पण तिसऱ्या डाउनला 2 यार्ड हवे असतील, तर प्रशिक्षक चेंडू पहिल्याच्याच हातात देणार. सँडर्सचा पिंड दुसऱ्या जातीचा. समोर फट दिसली नाही तर तो उलट वळायचा, मागे यायचा, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पळायचा. कबड्डीतल्या चढाईपटूने निदान रेषेला तरी पाय लावून परत यायचं सोडून भर कोंडाळ्यात हुलकावण्या देत राहावं, तसा प्रकार. जमलं तर 40 यार्ड, नाही जमलं तर 3 यार्डांचं नुकसान.

हे टोकाला गेलेलं पाहायचं तर 31 डिसेंबर 1994 चा ग्रीन बे संघाविरुद्धचा प्लेऑफ (साखळीनंतरच्या बाद फेरीचा) सामना बघा. सँडर्सच्या 13 कॅरी, एकूण उणे 1 यार्ड. लायन्स 16-12 ने हरले. म्हणजे अंतर एका टचडाउनपेक्षाही (चेंडू गोल रेषेपार नेण्याचे 6 गुण) कमी होतं, तरी आपल्या सर्वांत मोठ्या हत्याराचा त्यांना काडीचा उपयोग झाला नाही. त्याच्या आदल्या मोसमात याच ग्रीन बेविरुद्ध प्लेऑफमध्येच त्याने 169 यार्ड काढले होते. त्यातला कुठला सँडर्स खरा? दोन्ही. फक्त 169 वाला दाखवणारा चाहता आणि फक्त उणे 1 वाला दाखवणारा टीकाकार, दोघेही अर्धवट बोलतात. माझं विचाराल तर ही किंमत परवडणारी होती, कारण त्या दशकात लायन्सकडे मैदान एका झटक्यात पालथं घालणारं दुसरं काही फारसं नव्हतंच. पण किंमत मोजावी लागली, हे मान्य करायलाच हवं.

"लाइन वाईट होती" हे अर्धसत्य

चाहत्यांचं हे आवडतं पालुपद. समोरच्या फळीला थोपवणारे ते पाच धिप्पाड गडी म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन, आणि ती म्हणे सँडर्सच्या नशिबी नव्हती. वास्तविक लोमस ब्राउन आणि केविन ग्लोव्हर हे प्रो बोलपर्यंत पोचलेले लाइनमन अनेक वर्षं त्याच्यापुढे होते. लाइनवर आघात मात्र खरेच झाले. नोव्हेंबर 1991 मध्ये माइक अटलीला सामन्यात अर्धांगवायू आणणारी दुखापत झाली, आणि 1992 च्या जूनमध्ये एरिक अँडोल्सेक अपघातात गेला.

लाइनपेक्षा मोठा प्रश्न रचनेचा होता. सुरुवातीच्या वर्षांत लायन्स 'रन अँड शूट' खेळायचे: पास झेलणारे चार रिसीव्हर पसरून उभे, लाइनच्या कडेला राहून अडवणारा टाइट एंड नाही, पुढे वाट फोडणारा फुलबॅक नाही. यात फायदा असा की बचावाचे गडीही पसरतात आणि मधे मोकळं रान मिळतं. तोटा असा की पहिला फटका अडवायला कुणीच नसतं. तेव्हा "आठ-आठ जण फक्त त्याच्यासाठी उभे असायचे" हे वाक्य त्या वर्षांना सरसकट लावू नका. आणि 1997 पाहा. बॉबी रॉस प्रशिक्षक म्हणून आले. पहिल्या दोन सामन्यांत मिळून सँडर्सचे जेमतेम 53 यार्ड. पुढे टॉमी वार्डेल हा फुलबॅक त्याच्यापुढे जास्त दिसू लागला, आणि उरलेल्या चौदाही सामन्यांत सँडर्सने शंभरी ओलांडली. वर्षअखेर 2,053 यार्ड, ब्रेट फाव्हरसोबत विभागून एमव्हीपी, म्हणजे मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू. "बॅरीला फुलबॅक लागतच नाही" हे सर्रास ऐकू येतं, ते या एका मोसमापुढे टिकत नाही.

स्मिथला लाइनच्या खात्यात जमा करू नका

डॅलसची लाइन जबरदस्त होती, वाद नाही. पण 1993 मध्ये कराराच्या भांडणामुळे स्मिथ पहिले दोन सामने खेळला नाही आणि आदल्या वर्षी सुपर बोल जिंकलेला डॅलस ते दोन्ही हरला. लाइन तीच होती. तो परतला, संघाने पुन्हा सुपर बोल जिंकला, आणि लीगचा व सुपर बोलचा एमव्हीपी तोच ठरला. त्या मोसमाच्या शेवटच्या साखळी सामन्यात, न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध, खांदा निखळूनही तो खेळत राहिला आणि एकूण 32 वेळा चेंडू नेला. हा माणूस केवळ लाइनच्या पुण्याईवर मोठा झाला, असं म्हणणं कृतघ्नपणाचं आहे.

स्मिथचे एकूण यार्ड 18,355, पण त्यासाठी 4,409 कॅरी आणि 15 वर्षं. टिकणं हाही गुणच. फक्त तो वेगळा मोजा. पासच्या वेळी चेंडू फेकणाऱ्याला सांभाळण्याच्या कामात आणि गोल रेषेजवळच्या धक्काबुक्कीत स्मिथ सरस होता. सँडर्सला तर गोल रेषेजवळ अनेकदा बाहेरच काढायचे. त्याचे 99 रशिंग (पळून काढलेले) टचडाउन आणि स्मिथचे 164 यांतल्या दरीचा थोडा भाग तिथला आहे.

वेगवेगळ्या काळातल्या खेळाडूंचे एकूण यार्ड शेजारी शेजारी ठेवायचे नाहीत, एवढं पाळलं तरी पुष्कळ. मोसम एके काळी 12 सामन्यांचा होता, पुढे 14, 1978 पासून 16 आणि 2021 पासून 17. सामन्यामागे किती, ते बघा: 12 आणि 14 सामन्यांच्या काळातला जिम ब्राउन 104.3, सँडर्स 99.8.

जेतेपदाच्या अंगठ्या आणि तो फॅक्स

प्लेऑफमध्ये सँडर्सच्या वाट्याला एक विजय, पाच पराभव. विजय जानेवारी 1992 मधला, डॅलसविरुद्ध 38-6. त्यात सँडर्स गर्दीत अडकला, थांबला असं वाटलं, आणि तिथून निसटून 47 यार्डांचा टचडाउन करून आला. त्यानंतर लायन्सना पुढचा प्लेऑफ विजय मिळाला थेट जानेवारी 2024 मध्ये. मधली बहुतेक वर्षं सँडर्स संघात नव्हता, तेव्हा दुष्काळाचं खापर कुणावर फोडायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

जुलै 1999 मध्ये, वॉल्टर पेटनच्या कारकिर्दीतल्या सर्वाधिक रशिंग यार्डांच्या विक्रमापासून 1,457 यार्डांवर असताना, त्याने विचिटा या आपल्या गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून निवृत्ती कळवली. "अजून दोन वर्षं खेळला असता तर 18 हजार" असा हिशेब मांडून ते न काढलेले यार्ड त्याच्या नावे लावणं बंद करा. तसंच "पळून गेला" हेही. पहिल्याच मोसमात लीगमध्ये अव्वल ठरायला फक्त 10 यार्ड कमी असताना, सामना हातात होता म्हणून त्याने पुन्हा मैदानात जायला नकार दिला होता. विक्रमाचं त्याला सोयरसुतक नव्हतं, हे दहा वर्षं आधीच दिसलेलं होतं.

स्वतः पारखायचं असेल तर निवडक धावा बाजूला ठेवा आणि अख्खा सामना लावा. चेंडू त्याच्या हातात पडला त्या क्षणी चित्र थांबवा. लाइनच्या अलीकडे बचावाचे किती गडी घुसलेत ते मोजा, मगच धाव पुढे चालू करा. 1997 चे पहिले दोन सामने आधी पाहा, नंतर त्याच ऑक्टोबरमधला टँपा बेविरुद्धचा, ज्यात त्याने 80 आणि 82 यार्डांचे दोन टचडाउन काढले. त्या दोन धावा सोडून उरलेल्या 22 कॅरीत 53 यार्ड आहेत, त्याही बघायच्या.