आधी सोडत वाचा, मग सिद्धांत : मराठवाड्यात बाई, धर्म आणि राजकारण यांवर संशोधन करायला निघालेल्यांसाठी

संशोधन मान्यता समितीपुढे दरवर्षी एक तरी शीर्षक येतंच : ‘महिलांचे राजकीय प्रतिनिधित्व, मराठवाड्याच्या विशेष संदर्भात’. अलीकडे त्यात धर्माचीही भर पडली आहे. विषय चांगला आहे, गरजेचा आहे. माझी पीएच.डी. याच वाटेवरची आणि आता माझ्याकडे येणारी पोरंपोरीही हेच घेऊन येतात. पहिल्या भेटीत मी त्यांच्या हातात सिद्धांताचं पुस्तक देत नाही. आपल्या तालुक्याच्या नगरपरिषदेची प्रभाग आरक्षणाची सोडत आधी वाचून या, असं सांगते.

कारण आपल्या आरक्षणाला बाई दिसते, जात दिसते. धर्म थेट दिसत नाही. ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीमुळे १९९३ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. पण ‘मुस्लिम महिला’ अशी राखीव जागा कुठेच नाही. विधानसभेच्या निकालाचे सरकारी तक्ते उघडा : पक्ष, मतं, लिंग, वय, प्रवर्ग, सगळं मिळेल. धर्म मिळणार नाही. तो तुम्हालाच शोधावा लागतो, आणि संशोधकाची पहिली परीक्षा तिथेच होते.

बहुतेक जण आडनावावरून यादी करतात. मराठवाड्यात हे चालत नाही. इथे पटेल मुसलमान असतात, देशमुखही असतात. जालन्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांची आडनावं शेजारच्या बौद्ध कुटुंबांसारखीच असतात. आणि हा फरक नुसता आडनावाचा नाही. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्धांचा समावेश १९९० मध्ये झाला, ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर आहेत. म्हणजे एकाच आडनावाच्या, एकाच गल्लीतल्या दोन बायांपैकी एक ‘अनुसूचित जाती महिला’ जागेवर उभी राहू शकते, दुसरी नाही. तुमच्या तक्त्यात दोघी एका खान्यात पडल्या तर पुढचं सगळं विश्लेषण कोसळतं. म्हणून यादी करायची ती गावात जाऊन, दोन-तीन माणसांना विचारून. वेळ लागतो, लागू द्या.

मग मुस्लिम बाई नगरपरिषदेत येते कुठून? काही खुल्या महिला जागेवरून येतात, पण बऱ्याच येतात ‘नागरिकांचा मागास प्रवर्ग महिला’ या जागेवरून. बागवान, मोमीन, अत्तार, तांबोळी, मणियार अशा कितीतरी मुस्लिम जाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. म्हणजे प्रतिनिधित्वाचं दार उघडतं जातीच्या दाखल्याने. आणि लग्न झालेल्या बाईचा दाखला निघतो माहेरच्या कागदांवर, नवऱ्याच्या नाही. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे शाळेतली जुनी नोंद अनेकदा उर्दूत असते. त्यातही जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुस्लिम’ किंवा ‘मुसलमान’ लिहून गुरुजी मोकळे झालेले असतात.

परभणी जिल्ह्यातल्या एका नगरसेविकेकडे मी मुलाखतीला गेले होते. पहिले सगळे प्रश्न तिच्या नवऱ्यानेच उत्तरं देऊन संपवले. वॉर्डातली नाली, पथदिवे, विकास निधी, सगळं त्याला तोंडपाठ. मग मी जात वैधता प्रमाणपत्राचं विचारलं आणि तो गप्प झाला. ती आत गेली, साडीच्या दुकानाची पिशवी घेऊन आली आणि कागद एकेक करून सतरंजीवर मांडू लागली. वडिलांच्या शाळेच्या प्रवेश निर्गम रजिस्टरचा उतारा, त्यावर ‘मुसलमान’. चुलत्याच्या उताऱ्यावर मात्र ‘बागवान’. मग चुलता सख्खा आहे हे दाखवायला वंशावळ, तिला शपथपत्र जोडलेलं. उर्दू नोंदीचं मराठी भाषांतर करून घेतलेलं, त्यावर शिक्का. कुठला कागद कोणत्या टेबलावर अडला होता, हे तिने तारखेसकट सांगितलं. ‘‘मॅडम, कागद मेरे अब्बाके, धावपळ भी मेरीच,’’ म्हणाली. वैधता मुदतीत आली नाही तर पद जातं, हे तिला चांगलं माहीत होतं. ‘सरपंचपती’, ‘नगरसेवकपती’ यावर पानंच्या पानं लिहिणाऱ्यांनी ही पिशवी पाहायला हवी. निर्णय कोण घेतं, असा थेट प्रश्न विचारला की ठरलेलं उत्तर मिळतं. कागद कुणी गोळा केले, हे विचारा.

याच पिशवीतून मोठा प्रश्नही दिसतो. २०२३च्या १०६व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभेत महिलांना एक तृतीयांश जागा देऊ केल्या. अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेनंतर. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या महिलांसाठी आतला वाटा आहे, ओबीसी महिलांसाठी नाही. नगरपरिषदेत मुस्लिम बाई ज्या दाराने आली, ते दार तिथे बांधलेलंच नाही. मराठवाड्यातल्या विधानसभेच्या ४६ जागांवर याचा काय परिणाम होईल, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. कुणीतरी घ्यावा. परभणीच्या फौजिया खान राज्यमंत्री झाल्या, २०२० मध्ये राज्यसभेवर गेल्या. पण त्यांची वाट विधान परिषद आणि राज्यसभेची, थेट मतदानाची नव्हे. हाही त्याच प्रबंधातला एक धागा.

धर्म फक्त अल्पसंख्याकांना असतो, असं समजून लिहिलेले प्रबंध मी पुष्कळ वाचले आहेत. संक्रांतीनंतर वॉर्डावॉर्डात इच्छुक उमेदवारांचे हळदी-कुंकवाचे कार्यक्रम सुरू होतात, वाणात स्टीलचे डबे, कधी साडी. महिलांचा मेळावा म्हणून फोटो छापून येतो. त्या मांडवात विधवा कुठे बसल्या आहेत, मुस्लिम आणि बौद्ध बायांना आवतण होतं का, एवढं जरी तुम्ही टिपलं तरी एक प्रकरण उभं राहतं. बीड जिल्ह्यात तर अभ्यासाला काय कमी! जिल्ह्याच्या सीमेलगतच्या, संत भगवानबाबांच्या भगवानगडावरचा दसरा मेळावा गोपीनाथ मुंडे यांच्या राजकारणाचा कणा होता. २०१६ मध्ये गडावर राजकीय भाषण नको, अशी भूमिका महंतांनी घेतली. पंकजा मुंडे यांची सभा गडाच्या पायथ्याशी झाली आणि पुढच्या वर्षापासून मेळावा भगवानबाबांच्या जन्मगावी, सावरगाव घाटला गेला. वारसा वडिलांचा, श्रद्धा समाजाची, व्यासपीठावर बाई. या तिन्हींचं काय होतं, ते समजून घ्यायला परदेशी उदाहरण कशाला हवं?

त्याच बीडने केशरकाकू क्षीरसागर, रजनी पाटील आणि प्रीतम मुंडे अशा तीन बाया लोकसभेत पाठवल्या. आणि २०११च्या जनगणनेत त्याच जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली होत्या ८०७. बाई निवडून आली म्हणजे जिल्ह्यात बाईची स्थिती सुधारली, असं वाक्य लिहायचा हात शिवशिवला की हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवा.

ग्रामपंचायतीत काम करणार असाल तर मासिक सभेचं प्रोसिडिंग मागा. माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करता येतो. ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक कोण, ते पाहा. बाया निम्म्या असूनही त्यांची नावं कुठल्या ठरावांवर येतात आणि कुठल्यांवर येत नाहीत, ते मोजा. महिला ग्रामसभेचं इतिवृत्त वेगळं मागा. पुष्कळदा ते मुख्य ग्रामसभेच्याच अक्षरात, त्याच दिवशी लिहिलेलं असतं. ग्रामसेवक कुरकुर करतील. चहा घ्या, थांबा. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून जुने कागद मागायला येणारं माणूस तसंही त्यांना नवीन राहिलेलं नाही.

पैशाचं थोडक्यात. बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आपापल्या प्रवर्गाच्या. जाहिरातीवर लक्ष ठेवा. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली, जुन्या सीनियरच्या भरवशावर तिचं गणित मांडू नका. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातलं ताराबाई शिंदे स्त्री अभ्यास केंद्र मात्र नक्की गाठा.

नाव बदललं की गोपनीयता जपली, असं तालुक्याच्या गावात होत नाही. ‘प्रभाग ५ मधील ओबीसी मुस्लिम नगरसेविका’ असं लिहिलं की अख्ख्या गावाला ती कळते, तिच्या पक्षालाही. प्रभाग काढा, मुदतीचं साल ढोबळ करा, गरज पडली तर जिल्हाही बदला आणि तसं प्रस्तावनेत सांगा. आणि मुलाखत दखनीत, म्हणजे इथल्या मुसलमानांच्या उर्दू बोलीत, झाली असेल तर ती दखनीतच उतरवा. मार्गदर्शक प्रमाण मराठी करून आणायला सांगतील. तेव्हा मूळ परिशिष्टात ठेवायचं आणि मराठी त्याच्या खाली द्यायचं, हे आधीच ठरवून घ्या.