‘माकडताप’ला कोड देण्याआधी

सिंधुदुर्गातल्या रुग्णनोंदी उघडल्या की दोडामार्ग-बांद्याकडचा एकच आजार कुठे ‘माकडताप’, कुठे ‘केएफडी’ (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज), तर कुठे ‘क्यासनूर’ असा लिहिलेला दिसतो. आजारांच्या नावांना प्रमाणित संज्ञांचे कोड सुचवणाऱ्या बायोपोर्टल ॲनोटेटर किंवा झूमा या टूल्सना शीटमधली नावं देण्याआधी ती शीट ओपनरिफाइन या डेटा साफ करायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. तिथल्या टेक्स्ट फॅसेटमध्ये सगळी नावं मोजणीसकट समोर येतात. ‘माकडताप’ ही टूल्स ओळखतील या भरवशावर राहू नका, शेजारच्या कॉलममध्ये इंग्रजी नाव स्वतः लिहा. मूळ शब्दांचा कॉलम मात्र पुसू नका, पुढे शंका आली की त्याचाच आधार असतो.

टूलने सुचवलेला पहिला कोड डोळे मिटून घेऊ नये. भातलावणीच्या दिवसांतल्या नोंदींत ‘लेप्टो’ हा शब्द वारंवार येतो. तो आजार की जंतू? लेप्टोस्पायरोसिस आणि लेप्टोस्पायरा यांच्या संज्ञा वेगळ्या, बहुधा शब्दसंग्रहही वेगळे. आणि ‘ताप नाही’ या नोंदी तर हातानेच तपासा. नुसता शब्द जुळवणारं टूल त्यातला ‘ताप’ तेवढा उचलतं आणि ह्यूमन फिनोटाइप ऑन्टॉलॉजी या लक्षणांच्या प्रमाणित शब्दसंग्रहातला तापाचा कोड, एचपी:०००१९४५, लावून मोकळं होतं. अशा नोंदींसाठी ‘लक्षण नाही’ असा कॉलम सुरुवातीलाच वेगळा ठेवा.